एकाच ॲम्पवर बास गिटार पण आणि गाणं पण, कसं जमवायचं

जमतं, पण दोघांच्या वायरी ॲम्पमध्ये सरळ खुपसून नाही जमत. बासवाल्याकडे एक ॲम्प, गाणाऱ्याकडे नुसता माईक आणि पीए (गाण्यासाठीची स्पीकर-सिस्टीम) भाड्याने आणायला कोणाच्याच खिशात पैसे नाहीत, ही बहुतेक नवीन बँडची गत, त्यात रूममधल्या प्रॅक्टिसपुरतं भागवायचं असेल तर पुढे वाचा. गॅदरिंगच्या स्टेजवर हाच जुगाड न्यायचा विचार असेल तर नका नेऊ.

आधी वाय केबलचा, म्हणजे दोन वायरी एकाच पिनेत जोडणाऱ्या केबलचा, नाद सोडा. पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) बासच्या पिकअपचा इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा अडथळा, हजारो ओहममध्ये असतो आणि डायनॅमिक माईकचा (गाण्यासाठी वापरतात तो साधा माईक) १५० ते ३०० ओहमच्या आसपास, दोन्ही एकत्र जोडले की बासचा सिग्नल ॲम्पकडे जायच्याऐवजी माईकमध्येच जिरतो आणि बास मेल्यासारखा वाजतो. माईक तर तसाही धड ऐकू येत नाही, कारण त्याचा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा आणि ॲम्पचं इनपुट त्यासाठी बनलेलंच नसतं. ॲम्पला हाय आणि लो अशी दोन इनपुट दिसली म्हणून खूश होऊ नका, बऱ्याचदा ती एकाच चॅनेलची दोन दारं असतात, लोमध्ये सिग्नल थोडा कमी होतो एवढंच, व्हॉल्यूम आणि टोनचे नॉब दोघांना तेच.

मग लागतो एक छोटा मिक्सर, साधाच चालतो, फक्त त्याला एक्सएलआरचं (तीन पिनांचं गोल) माईक इनपुट हवं. स्वस्त माईकसोबत एका टोकाला पी-३८ जॅकवाली (गिटारच्या वायरीला असते तशी जाड पिन) केबल येते ती बाजूला ठेवा आणि दोन्हीकडे एक्सएलआर असलेली घ्या. बास नेहमीसारखा ॲम्पच्या इनपुटमध्येच राहू दे, माईक मिक्सरमध्ये, आणि मिक्सरचा आऊट ॲम्पच्या ऑक्स-इनमध्ये (फोनवरची गाणी लावायचं जादा इनपुट). बहुतेक प्रॅक्टिस ॲम्पमध्ये ऑक्सचा सिग्नल ॲम्पच्या गेन आणि टोनच्या नंतर मिसळतो, म्हणजे बासचे नॉब फिरवले तरी गाण्याला धक्का लागत नाही आणि गाण्याचं सगळं मिक्सरवरून बघता येतं. माझ्या मते हाच सगळ्यात कमी कटकटीचा रस्ता आहे.

ऑक्स-इन नसेल पण मागे इफेक्ट्स रिटर्न (बाहेरच्या इफेक्टचा सिग्नल परत आत घ्यायचं इनपुट) असेल तर दोघांनाही मिक्सरमधून आणून तिथे घाला. फक्त पॅसिव्ह बास मिक्सरच्या लाइन-इनमध्ये थेट लावला की वरचा टोन जातो, नुसतं गुबगुब ऐकू येतं, म्हणून मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे बासचा सिग्नल मिक्सरला झेपेल असा करणारी छोटी डबी, लागेल. बॅटरीवाला ॲक्टिव्ह बास असेल तर थेट लावला तरी चालतो.

आता आवाज लावायचा क्रम, इथेच सगळे गंडतात. बासवाला आधी आपला टोन लावून बसतो आणि मग गाणाऱ्याला वर चढवायला जागाच उरत नाही. उलटं करा. बास बंद ठेवा, गाणाऱ्याला सगळ्यात जोरात म्हणायची ओळ म्हणायला लावा, मिक्सरचा गेन पीक लाइट (सिग्नल फार जोरात झाला की लागणारा दिवा) लुकलुकेपर्यंत वाढवा आणि मग जरासा मागे घ्या. त्यानंतर माईक शिट्टी मारायला लागेपर्यंत लेव्हल वाढवा, तिथून थोडी खाली आणा, झालं, ही तुमची हद्द. बास आता हळूहळू वर आणायचा आणि शब्द बुडायला लागले की थांबायचं, मग बासवाल्याने कितीही तोंड वाकडं केलं तरी.

कारण स्पीकर एकच आहे. बासची मोकळी ई तार ४१ हर्ट्झवर, तेवढ्या खाली जोरात वाजवताना स्पीकरचा कोन (कागदी पडदा) पुढेमागे बराच हलतो आणि त्याच हलत्या कोनवर गाणं बसलेलं असतं, म्हणून जोरात वाजवलं की आवाज थरथरल्यासारखा, फाटल्यासारखा होतो. ॲम्पवरचा ‘बास’ लिहिलेला टोनचा नॉब थोडा कमी करा, माईकच्या चॅनेलवर लो-कट (खालचे सूर कापणारं बटण) असेल तर दाबून टाका. तरी शब्द कळत नसतील तर माईकचे लो कमी करून बघा, हाय वाढवायच्या आधी. ॲम्पला ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) नसेल तर स, श, च असली अक्षरं थोडी मुकीच राहतील, त्याला नॉब काही करू शकत नाही. गिटारच्या ॲम्पवर हा प्रयोग करणार असाल तर बास अगदी हळू, नाहीतर स्पीकरची वाट लागेल. कुणाकडे कीबोर्डचा ॲम्प असेल तर तो मात्र मागून आणा, त्यात चॅनेल वेगवेगळे असतात, काहींमध्ये माईक इनपुटही, आणि तो खालपासून वरपर्यंत सगळंच वाजवायला बनलेला असतो. ड्रमर असेल तर विसरा, ३०-४० वॉटमध्ये गाणं ड्रम्सच्या वर नाही येत, कहोनवर (बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी) भागवा.

ॲम्प गाणाऱ्याच्या पाठीमागे ठेवू नका, तिथून आवाज थेट माईकच्या तोंडात जातो. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचंच ऐकणाऱ्या) माईकला पाठीमागून सगळ्यात कमी ऐकू येतं, म्हणून ॲम्प माईकच्या पाठीच्या बाजूला, खुर्चीवर वगैरे ठेवून थोडा वर. आणि माईकची जाळी मुठीत धरायची स्टाईल नको, त्याने शिट्टी लवकर येते.

ॲम्प आणि मिक्सर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा, तीन पिनांचा आणि अर्थिंग असलेला. अर्थिंगची बोंब असेल तर तारांवर हात ठेवून माईकला ओठ लावणाऱ्याला झटका बसू शकतो, हे विशेषतः बास वाजवत गाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. हम (सतत घूं असा आवाज) येतोय म्हणून अर्थची पिन काढून टाकणारे भेटतात, त्यांना प्लगला हात लावू देऊ नका.