जेमिनिड उल्कावर्षाव पाहायला जाताय? या चुका टाळा

डिसेंबर उजाडला की बातम्या येऊ लागतात, ‘आकाशात ताशी दीडशे उल्कांची आतषबाजी!’ मग शहराबाहेरचा एखादा ढाबा गाठायचा, नऊ ते साडेदहा मान वर करून उभं राहायचं, पाच-सहा उल्का मोजायच्या आणि ‘काही खास नव्हतं’ म्हणत घरी यायचं. खरं तर जेमिनिड हा वर्षातला सगळ्यात भरवशाचा उल्कावर्षाव. तेव्हा रागावायचंच असेल, तर त्या दीडशेच्या आकड्यावर रागवा.

दीडशेवर विसंबणं

हा आकडा आदर्श परिस्थितीचा असतो. उल्का जिथून फुटल्यासारख्या वाटतात तो उद्गमबिंदू बरोबर डोक्यावर हवा आणि साडेसहाव्या प्रतीपर्यंतचे अंधुक तारे नुसत्या डोळ्यांनी दिसतील इतकं आकाश काळं हवं (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचा क्रमांक; तो जितका मोठा, तितका तारा अंधुक). शहरात चौथ्या प्रतीपर्यंतचेच तारे दिसत असतील, तर दीडशेचे चौदा होतात. त्यातही रात्री दहाला उद्गमबिंदू क्षितिजापासून जेमतेम तीस अंशांवर असतो, म्हणजे चौदाचे सात. ढाब्यामागून पाच-सहा दिसल्या त्या हिशेबानेच दिसल्या! याउलट सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतील अशा माळरानावर, भराच्या, म्हणजे सर्वाधिक उल्कांच्या, रात्री दोन-अडीचला हाच हिशेब नव्वदच्या घरात जातो.

लवकर जाऊन लवकर परतणं

जेमिनिडचा उद्गमबिंदू मिथुन राशीत, पुनर्वसूतल्या कॅस्टर ताऱ्याजवळ आहे. महाराष्ट्रातून तो डिसेंबरच्या मध्यात पावणेआठच्या सुमारास ईशान्येला उगवतो आणि रात्री अडीचला जवळजवळ डोक्यावर येतो. रात्रभर थांबणं जमणार नसेल, तर संध्याकाळी जाण्यापेक्षा गजर लावून एक ते चार ही वेळ धरा. संध्याकाळी उल्का मोजक्याच दिसतात. त्यातली एखादी आकाशभर लांब रेघ ओढत जाते हे खरं, पण तिच्या आशेवर मुलांना दोन तास बसवणं अवघड.

तारीख वाचली, वेळ नाही

‘१४ डिसेंबर’ म्हणजे तेराची रात्र की चौदाची? हा घोळ दरवर्षी होतो. परदेशी बातमीतली तारीख तिथल्या घड्याळाची असते आणि भराची वेळही वर्षागणिक साधारण सहा तासांनी पुढे सरकते, लीप वर्षात मागे येते. २०२६ मध्ये हा भर आपल्याकडे १४ डिसेंबरच्या संध्याकाळच्या सुमारास येतो. म्हणून चौदाची रात्र, म्हणजे पंधराची पहाट, हाताशी ठेवा. सोयीसाठी दोन दिवस पुढे ढकललंत तर हाती फार थोडं लागेल, कारण भर ओसरल्यावर संख्या झपाट्याने घटते.

तिथीही पाहा. २०२४ मध्ये दत्तजयंती नेमकी १४ डिसेंबरला आली होती. पौर्णिमेच्या चांदण्यात अंधुक उल्का दिसणारच कुठून? २०२६ मध्ये ९ डिसेंबरला अमावास्या आहे, त्यामुळे चौदाला चंद्र मध्यरात्रीपूर्वीच मावळलेला असेल.

मिथुनेकडे टक लावून बसणं

उद्गमबिंदूजवळच्या उल्का आखूड दिसतात, कारण त्या जवळजवळ आपल्याच दिशेने येत असतात. लांब रेघा त्याच्यापासून बऱ्याच दूर उमटतात. त्यामुळे शहराच्या उजेडाकडे पाय न करता डोकं करून झोपा आणि आकाशाचा सगळ्यात काळा भाग नजरेत ठेवा. सतरंजी, वर गोधडी, कानटोपी. खुर्चीत मान वर करून अर्धा तासही निघत नाही. दुर्बीण घरीच ठेवा, तिच्यातून आकाशाचा इतका छोटा तुकडा दिसतो की उल्का बाजूने निघून जाते.

मोबाइल

डोळ्यांना अंधार सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका व्हॉट्सॲप संदेशाने ती सगळी वाया जातात. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा. वाहनाचे दिवे लावून निघणाऱ्याने आधी ओरडून सांगायचं, हा आमच्या गटातला नियम. (तो मोडणाऱ्याला पुढच्या वेळी कोणी बोलवत नाही.)

फोटोचं म्हणाल, तर ज्यात तीस-चाळीस उल्का एकदम दिसतात ते कित्येक तासांच्या चित्रांचं एकत्रीकरण असतं. कॅमेरा तिपाईवर लावून, व्याधाच्या ताऱ्यावर हाताने फोकस करून, पंधरा-वीस सेकंदांची चित्रं एकामागून एक घेत राहा. मध्येमध्ये भिंगावरचं दव पुसा. पहाटे धूसर चित्रं निघाली, तर बहुधा दोष दवाचा असतो.

ऑगस्टमध्येच सुट्टी खर्च करणं

ययाती तारकासमूहातल्या पर्सिइड वर्षावाचं युरोप-अमेरिकेत कौतुक आहे, कारण तिथे तो उन्हाळ्यात येतो. आपल्याकडे १२-१३ ऑगस्ट म्हणजे भर पावसाळा. घाटात जाऊन ढग पाहण्यापेक्षा ती रजा डिसेंबरसाठी राखून ठेवा. काळोख्या आकाशासाठी लांब जायची तयारी असेल, तर पेंच व्याघ्र प्रकल्प २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला आहे. गडावर जाणार असाल, तर रात्रीच्या मुक्कामाला परवानगी आहे का ते आधी विचारा आणि सतरंजी अंथरण्यापूर्वी जागा उजेडात नीट पाहा. विंचू तिथलेच रहिवासी आहेत.

चमकणारं सगळंच उल्का समजणं

जेमिनिड उल्का सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने येते, दिसते आणि बहुतेक वेळा सेकंदभरात संपते. संथपणे मिनिटभर सरकणारा ठिपका उपग्रह असतो. आणि एकामागून एक जळते तुकडे सावकाश आडवे जात असतील, तर ते बहुधा परत येणारं रॉकेट. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रात अनेकांनी असंच दृश्य पाहिलं आणि ‘उल्कापात’ म्हणून व्हिडिओ फिरले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तर धातूचं मोठं कडं पडलं. ते चिनी रॉकेटच्या टप्प्याचे अवशेष असल्याचं मानलं गेलं. असं काही शेतात सापडलं तर हात लावू नका, पोलिसांना किंवा तहसील कार्यालयाला कळवा.