कधी लागतो, कधी नाही : गाडीचा सेल्फ असा तपासा

गाडी सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते आणि संध्याकाळी नुसतं 'टक' करून गप्प बसते. मग सोसायटीतले चार जण जमतात आणि चौघांचा सल्ला एकच, बॅटरी बदला. मी बदलली. मग सेल्फची मोटरही खोलून घेतली, कार्बन ब्रश नवे टाकले. दोष निघाला वीतभर वायरीत. म्हणून पाकिटाआधी व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर काढा. नसेल तर पुण्यात तपकीर गल्लीत साधा डिजिटल मिळतो, तेवढा पुरतो.

इंजिन गरागरा फिरतंय पण पेट घेत नाही, तर प्रकरण वेगळं; पेट्रोल पंप, क्रँक सेन्सर, इमोबिलायझर तिकडे बघा. इंजिन फिरतच नसेल आणि धक्का मारून दुसऱ्या गिअरला लगेच सुरू होत असेल, तर पेट्रोल आणि स्पार्क ठणठणीत आहेत. दोष सेल्फपर्यंतच्या वाटेवर किंवा सेल्फमध्येच आहे.

बॅटरी : रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, नाहीतर पुढची सगळी मापं फसवतील. सेल्फ मारताना तिच्याच टोकांवर ९.६ च्या खाली गेली, तर सोसायटीवाले बरोबर.

आता जिथे माझे दोन महिने गेले ती जागा. सगळे सांगतात, हेडलाइट लावून सेल्फ मारा; लाइट मंदावला तर बॅटरी, झगझगीत राहिला तर सेल्फ. माझा लाइट झगझगीत होता, म्हणून तर सेल्फ खोलला. पण हेडलाइटचं अर्थिंग (करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायची वाट) बॉडीला असतं आणि सेल्फचं इंजिनला. बॉडी आणि इंजिन यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी सडली असेल, तर लाइटला त्याचा पत्ताही लागत नाही.

दुसरा वाईट सल्ला म्हणजे मल्टिमीटरची पिपाणी (वायर अखंड असली की होणारा आवाज) वाजवून वायर 'ओके' ठरवणं. वायरीत एक तार शिल्लक असली तरी पिपाणी वाजते. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फसुद्धा शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. १५० अँपिअरला ०.०१ ओहमचा अडथळा दीड व्होल्ट खातो, आणि तो ०.०१ ओहम साध्या मीटरला दिसतच नाही. पट्टी तपासायची ती सेल्फ मारतानाच.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मीटर डीसी २० व्होल्टवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, म्हणजे शिशाच्या खुंटावरच, त्यावर आवळलेल्या वायरीच्या क्लॅम्पवर नाही. लाल पिन इंजिनच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूवर. वायरी फॅन-बेल्टपासून लांब ठेवा. घरातल्या कुणाला तरी आत बसवून क्लच दाबून तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगा. ०.२ च्या आसपास आकडा आला तर ठीक, ०.५ च्या वर गेला तर चोर सापडला. मग खुंट ते क्लॅम्प, क्लॅम्प ते बॉडी, बॉडी ते गिअरबॉक्स असे तुकडे मोजा. कुठे खातंय ते कळतं.

आणि हे माप गाडी बिघडलेली असतानाच घ्या. माझ्याकडे सकाळी ०.१ यायचा आणि मी निवांत. एकदा कात्रजचा जुना घाट चढून वर चहाला थांबलो, निघताना 'टक'. बॉनेट उघडून तिथेच मोजलं : १.४. तेव्हापासून मीटर डॅशबोर्डच्या खणात असतो. मीटर नसेल तर जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनला लावून बघा. सेल्फ खाडकन लागला, तर वेगळा पुरावा नको.

पट्टी काढताना बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडा. माझ्या बोल्टच्या वायसरखाली गंजाचा चॉकलेटी भुगा साचला होता आणि पट्टीच्या तारा हिरव्या पडल्या होत्या. नवी पट्टी नाना पेठेत घ्या. जुनी सोबत न्या, लांबी आणि भोक जुळवून बघा. बसण्याची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, बोल्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलिन.

पॉझिटिव्ह बाजूही तशीच, बॅटरीच्या खुंटापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत. तिथे ०.५ पर्यंत चालतं.

'टक'सुद्धा येत नसेल तर क्लच पेडलच्या वरचा स्विच बघा. बऱ्याच गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फला करंटच जात नाही. स्विचला टेकणारी प्लॅस्टिकची टोपी तुटते आणि तिचे तुकडे मॅटवर पडलेले सापडतात. न्यूट्रलची खात्री करून स्विच बोटाने दाबा आणि किल्ली फिरवा.

एवढं सगळं ठीक निघालं आणि तरी 'टक'च, तर मात्र सेल्फ खोला.

राहता राहिली एक गोष्ट. तारेचा क्लच असलेल्या जुन्या गाडीत क्लच उगाच जड होत असेल, तर तोही धागा धरा. पट्टी तुटली की सेल्फचा करंट क्लचच्या केबलमधून वाट काढतो, केबल तापते आणि आतलं अस्तर वितळतं. सेल्फ मारल्यावर केबलला हात लावून बघा. मी त्या वर्षात दोन केबल बदलल्या होत्या आणि दोन्ही वेळा शिव्या केबलवाल्याला घातल्या होत्या.