मजकुराचं वर्गीकरण करताय? मॉडेल बदलण्याआधी या चुका टाळा

संगणकाला मजकूर वेगवेगळ्या वर्गांत टाकायला शिकवताना निकाल वाईट आले की आपण आधी मॉडेल, म्हणजे हे शिकणारा प्रोग्रॅम, बदलायला घेतो. नाइव्ह बेज ही साधी पद्धत काढून एसव्हीएम ही दुसरी, तीही नको म्हणून थेट ट्रान्सफॉर्मर हे मोठं न्यूरल मॉडेल. माझ्या अनुभवात खोट बहुतेकदा त्याच्या आधीच असते: मजकूर मॉडेलला कसा दिसतोय, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

मराठीत हे हमखास घडतं. पायथनच्या सायकिट-लर्न या लायब्ररीतलं टीएफ-आयडीएफ व्हेक्टरायझर (शब्दांना महत्त्वानुसार आकडे देणारं साधन) मूळ सेटिंगवर चालवलं, तर शब्द वेगळे करताना ते काना, मात्रा, वेलांटीला अक्षर मानत नाही. शब्द तिथेच तुटतो आणि एका अक्षराएवढेच उरलेले तुकडे टाकून दिले जातात. 'मराठी'चं उरतं 'मर'. 'कारण'चं होतं 'रण'. 'पाणी', 'शेती', 'बाजार' तर पूर्ण गायब! एरर येत नाही. 'घर', 'रक्कम'सारख्या शब्दांचं काही ना काही शिल्लक राहतं, त्यामुळे निकालही अगदी शून्यावर जात नाहीत आणि दोष लपून राहतो. म्हणून तयार झालेली शब्दसूची छापा आणि त्यातले शंभर शब्द स्वतः वाचा, दोन मिनिटांत कळतं. उपाय दोन आहेत: मोकळ्या जागेवर आणि विरामचिन्हांवर शब्द तोडणारा पॅटर्न स्वतः द्या, किंवा शब्दांऐवजी २ ते ५ युनिकोड चिन्हांचे (अक्षर, काना, मात्रा वेगवेगळे मोजून) सलग तुकडे, म्हणजे एन-ग्रॅम, घ्या. मला दुसरा जास्त आवडतो, कारण 'घरात', 'घराला', 'घरासमोर' यांतलं 'घर' त्यात आपोआप पकडलं जातं.

कुठूनतरी उचललेली स्टॉपवर्डची, म्हणजे बिनमहत्त्वाचे म्हणून गाळायच्या शब्दांची, यादीही तपासून घ्या. तिच्यात 'नाही', 'नाहीत' असतील, तर 'पैसे मिळाले' आणि 'पैसे मिळाले नाहीत' यांतला फरकच पुसला जाऊ शकतो.

निकाल फार चांगले आले तर जास्त सावध व्हा. इंटरनेटवरच्या चर्चागटांतल्या इंग्रजी पत्रांच्या '२० न्यूजग्रुप्स' या जुन्या, प्रसिद्ध संचावर सायकिट-लर्नच्याच मार्गदर्शिकेत दिलेलं उदाहरण बघा: नाइव्ह बेजचा एफ-स्कोअर (१ म्हणजे उत्तम, असं निकालाचं माप) ०.८८ येतो, पण पत्रांवरचे पाठवणाऱ्याचे तपशील (हेडर), सह्या आणि उद्धृतं काढली की ०.७७ वर उतरतो. मॉडेल विषयाऐवजी पाठवणाऱ्याच्या खुणा शिकत होतं. तुमच्या फाइलींत विभागाचा शिक्का, ठरावीक तळटीप किंवा फाइलचं नाव मजकुरात मिसळलेलं असेल, तर हेच होणार. एकाच मजकुराच्या दोन प्रती ट्रेनिंग (शिकवायचा भाग) आणि टेस्ट (तपासायचा भाग) दोन्हीकडे गेल्या, तरी तेच. आधी डुप्लिकेट काढा, मग विभागणी करा, आणि व्हेक्टरायझर फक्त ट्रेनिंगच्या भागावर फिट करा, म्हणजे त्याला शब्दसूची त्यातूनच बनवू द्या.

१,००० पत्रांत ५० तक्रारी असतील, तर सगळ्यांना 'सामान्य' म्हणणारं मॉडेलही ९५ टक्के अचूक ठरतं. प्रत्येक वर्गाचा रिकॉल, म्हणजे त्या वर्गातले किती मजकूर मॉडेलला सापडले ते, वेगळा बघा. क्लास वेट 'बॅलन्स्ड' ठेवून पाहा, म्हणजे कमी नमुन्यांच्या वर्गाला जास्त वजन मिळतं.

एवढं करूनही दोन वर्गांत गोंधळ राहिला, तर कन्फ्युजन मॅट्रिक्समधली (कोणता वर्ग कोणता समजला गेला, याच्या तक्त्यातली) ती जोडी उचला आणि चुकलेले पन्नास मजकूर वाचा. तेच मजकूर दोन माणसांना लेबल (आधी दिलेला वर्ग) न दाखवता वेगवेगळे द्या. त्यांचंही आपसात जमत नसेल, तर वर्गांची व्याख्या नव्याने लिहून लेबलं पुन्हा लावा, नाहीतर ते दोन वर्ग सरळ एक करा.