अरुंद प्लॉटवर घर बांधताय? मग आधी मधली जागा मोकळी सोडा

प्लॉट अरुंद आणि लांब असला की बहुतेक जण आधी रूम मांडायला बसतात, पुढे हॉल, मग किचन, मागे बेडरूम, आणि राहायला गेल्यावर कळतं की मधल्या भागात भरदुपारी पण लाईट लावावा लागतोय. दोन्ही बाजूंना शेजारच्या भिंती, खिडक्या फक्त पुढे नि मागे, दुसरं काय होणार. खिडकीची वरची कड जमिनीपासून जेवढी उंच, साधारण त्याच्या दोन-अडीच पटच उजेड आत नीट पोचतो, म्हणजे कड 7 फुटांवर असेल तर 14 ते 17 फूट. म्हणून कागदावर सगळ्यात आधी मधला चौक (घराच्या मधोमध सोडलेली मोकळी जागा) काढा, रूम नंतर.

चौक छोटा असला तरी चालेल पण थेट वरपर्यंत मोकळा हवा. जिना त्याला चिकटूनच घ्या, पायऱ्यांच्या मधल्या उभ्या फळ्या ठेवू नका म्हणजे उजेड खाली झिरपतो (लहान मुलं असतील तर फट अगदी कमी ठेवा). भिंती पांढऱ्या. गडद टाईल्स तर नकोच, आलेला सगळा उजेड तिथेच मरतो.

वर काच हवी असेल तर आडवी टाकू नका हो, उन्हाळ्यात भट्टी होते घराची. उभी काच घ्या, तिच्यावर छज्जा आणि बाजूला लूव्हर्स, म्हणजे हवा जाऊ देणाऱ्या तिरक्या पट्ट्या. गरम हवा वर चढते, तिला वरून बाहेर पडायला वाट असेल तरच खालच्या खिडक्यांतून ताजी हवा आत ओढली जाते, सगळं सील केलं तर उजेड मिळेल पण हवा नाही. आणि चौक उघडा ठेवणार असाल तर पाण्याला उतार आणि मोठी जाळी आत्ताच ठरवा.

पॅसेज शक्यतो टाळाच, 15 फूट रुंदीत 3 फुटांचा पॅसेज म्हणजे पाचवा हिस्सा नुसता चालण्यात गेला. हॉल, डायनिंग, किचन एकत्र ठेवा. बाथरूमला वेगळी छोटी डक्ट (हवा वर जायला उभी मोकळी जागा) द्या, चौकात वास नको.

एक त्रास मात्र आहे, चौकातून आवाज सगळीकडे फिरतो, त्यामुळे बेडरूमच्या चौकाकडच्या खिडक्या नीट घट्ट बंद होणाऱ्या घ्या आणि आजी-आजोबांची रूम तळमजल्यावर पण टीव्हीपासून लांब ठेवा.

आर्किटेक्टकडून नुसता प्लॅन घेऊन गप्प बसू नका, सेक्शन (घर उभं कापल्यावर आतून कसं दिसेल ते चित्र) पण मागा, हवा आणि ऊन कुठून कसं येणार ते त्यातच दिसतं.