माद्रिदला फुटबॉल बघायला निघण्याआधी

विमानाचं तिकीट काढण्याआधी सामन्यांचं वेळापत्रक उघडा, पण त्यावर लगेच भरवसा ठेवू नका. ला लिगाचा, म्हणजे स्पेनच्या अव्वल फुटबॉल लीगचा, मोसम ऑगस्ट ते मे. मुलांच्या शाळेच्या सुट्टीमुळे मे महिनाच गाठायचा असेल तर पहिला पंधरवडा धरा. जूनमध्ये गेलात तर रिकाम्या खुर्च्या बघून परत याल. फेरी कुठल्या शनिवार-रविवारची हे आधीच कळतं, पण आपला सामना शुक्रवारी रात्री की सोमवारी, हे काही आठवडे आधीच ठरतं. म्हणून शुक्रवारी सकाळी उतरून मंगळवारी निघायचं, अशी मोकळीक ठेवा. रेयाल आणि ॲटलेटिको हे माद्रिदचे दोन मोठे क्लब एकाच आठवड्यात सहसा दोघंही घरी खेळत नाहीत, तेव्हा या मोठ्यांपैकी एक आणि रायो वायेकानो, गेताफे अशा धाकट्यांपैकी एक अशी जोडी लावलेली बरी. मधल्या मंगळवारी-बुधवारी चॅम्पियन्स लीग असेल तर मुक्काम खुशाल वाढवा.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो. 15 दिवस ही शेवटची मुदत आहे, तिची वाट बघू नका. प्रवासी वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा हवा.

आता तिकिटं. रेयालच्या मैदानाची, सांतियागो बर्नाबेऊची, तिकिटं आधी सभासदांना मिळतात, उरलेली सर्वांसाठी खुली होतात. क्लबच्या संकेतस्थळावर डोळा ठेवा, तिऱ्हाइताकडून दुप्पट भावाने घेऊ नका. तिकीट मोबाइलवर येतं, म्हणून पॉवर बँक सोबत हवीच. नुसती टूर करायची असेल तर सामना नसलेला दिवस निवडा. सामन्याच्या दिवशी ती आटोपती घेतात. 1947 मध्ये सुरू झालेल्या या मैदानावर 1982 च्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली, इटलीने पश्चिम जर्मनीला 3-1 हरवलं. अलीकडच्या नूतनीकरणात हिरवळ तुकड्यातुकड्यांनी जमिनीखाली उतरवायची सोय केली आहे, त्यामुळे टूरला गेलात आणि गवतच दिसलं नाही, तर बावरू नका. मेट्रोची 10 नंबरची लाइन दारात सोडते.

ॲटलेटिकोच्या मैदानासाठी, मेट्रोपोलितानोसाठी, 7 नंबरची लाइन. क्लब इथे 2017 मध्ये आला. त्याआधीचं मैदान, विसेंते काल्देरोन, आता पाडलं आहे, त्याच्या शोधात नदीकाठी भटकू नका. कोलकात्याच्या आयएसएल (इंडियन सुपर लीग) संघात या क्लबची भागीदारी होती, तेव्हापासून लाल-पांढरे पट्टे आपल्याकडच्यांनाही ओळखीचे. मात्र पाहुण्या संघाचा शर्ट घालून यजमानांच्या बाकांवर बसायचा विचार सोडा. साध्या रंगाचं जाकीट घ्या आणि जाडच घ्या. रात्री 9 ला सुरू होणाऱ्या जानेवारीतल्या सामन्यात माद्रिदची थंडी मध्यंतरापर्यंत हाडात शिरते.

माझं ऐकाल तर एक संध्याकाळ रायो वायेकानो या धाकट्या क्लबसाठी राखून ठेवा, बर्नाबेऊची टूर गाळावी लागली तरी चालेल. लाइन 1, स्टेशन पोर्ताज्गो. बाहेर पडलात की मैदान समोरच, आणि कुठल्याही वस्तीत असावं तितकं साधं. तीन बाजूंना प्रेक्षक, चौथ्या बाजूच्या गोलमागे भिंत, आणि तिच्यापलीकडच्या इमारतींच्या गॅलरीतून लोक फुकटात सामना बघतात. जेमतेम 14,000 खुर्च्या. ही कष्टकऱ्यांची वस्ती आणि क्लबही तिच्याच बाजूने उभा राहणारा. 2014 मध्ये घराबाहेर काढलेल्या वस्तीतल्या एका वृद्ध बाईचं भाडं भरण्याची जबाबदारी क्लब आणि प्रशिक्षकाने मिळून घेतली होती. इथे तिकीट ऑनलाइन मिळेलच असं धरून चालू नका. मैदानाच्या खिडकीवर रांग लावायची तयारी ठेवा, थोडी रोकडही. दोन तास आधी जा. आजूबाजूच्या बारमध्ये गर्दी जमलेली असते, आणि आत गेल्यावर सामान्य प्रेक्षकांना दारू मिळत नाही, फक्त बिनअल्कोहोलची बिअर.

खाण्याचं बघायला हवं, विशेषतः शाकाहारी मंडळींनी. मध्यंतराला सगळे घरून फॉइलमध्ये गुंडाळून आणलेले बोकादियो, म्हणजे लांब पावाचे सँडविच, काढतात. तुम्हीही बेकरीतून बटाट्याच्या तोर्तियाचा, म्हणजे स्पॅनिश आमलेटचा, घेऊन जा, पण त्यात अंडं असतं. तेही चालत नसेल तर चीजचा. भाज्यांचं म्हणून मागितलेल्या सँडविचमध्ये सर्रास ट्यूना निघतो, विचारून घ्या. सूर्यफुलाच्या बिया मात्र निर्धास्तपणे खा, शेजारचे आजोबाही नव्वद मिनिटं तेच करत असतील. पाण्याच्या बाटलीचं टोपण दारावर बऱ्याचदा काढून घेतात. मोठी बॅग हॉटेलातच ठेवा, आणि गर्दीच्या मेट्रोत पाकीट पुढच्या खिशात.

मेट्रो रात्री दीडपर्यंत चालते, त्यामुळे परतीची चिंता नाही. गेताफेचं मैदान बघायचं असेल तर 10 नंबरने पुएर्ता देल सुर स्टेशन गाठून 12 नंबरची लाइन पकडा; पण ते शहराच्या ‘ए’ झोनबाहेर आहे, तेव्हा पर्यटकांचा पास घेतानाच ‘टी’ झोनचा घ्या.