खिडकीतून एकाच फ्रेमची व्हिडिओ-कलाकृती

नुसता ओस रस्ता दाखवून एकटेपणा उभा राहत नाही. २०२० च्या टाळेबंदीत असे रस्ते बातम्यांत इतके दिसले की डोळे सरावले. बघणारा आत अडकलाय हे कळलं, तरच ते दृश्य भिडतं. त्यामुळे खिडकीची चौकट, गज, पडद्याची कड फ्रेममध्ये येऊ द्या.

फोन ट्रायपॉडवर बसवा, त्याच्या पायांच्या जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखा. रोज तिथूनच दहा मिनिटं शूट करा. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि एक्सपोजर (चित्राचा उजेड) लॉक कराच. नाहीतर समोरच्या इमारतीत दिवा लागला की फोन अख्खं चित्र अंधारं करतो, आणि नेमका तोच क्षण हातचा जातो. कृत्रिम प्रकाशात पट्टे लहरत असतील तर शटरचा वेग तपासा: ५० हर्ट्झ विजेला १/५० किंवा १/१०० सेकंद, ६० हर्ट्झला १/६०.

काचेत खोली उमटत असेल तर आतले दिवे मालवा, फोनच्या मागे काळी चादर टांगा. पण दिवेलागणीला उलट करा. आतला मंद दिवा चालू ठेवा. बाहेरचा उजेड ओसरत आतल्याइतका झाला की काचेवर टेबल, कप आणि खालचा रस्ता एकात एक दिसतात. हे फार थोडा वेळ टिकतं, तेव्हा कॅमेरा अर्धा तास आधीच सुरू करा. सगळ्या फुटेजमधला सर्वांत बोलका तुकडा बहुतेक वेळा हाच निघतो.

आवाज वेगळा घ्या. शांततेत फोन आपोआप माइकची पातळी चढवतो, मग खरखर येते. पातळी हाताने ठरवता येईल असं अ‍ॅप वापरा आणि फ्रिजची घरघर, पंखा, ठिबकता नळ दोन-दोन मिनिटं रेकॉर्ड करा. बाहेरच्या दृश्याखाली हे आतले आवाज ठेवा.

एडिटमध्ये घाई नको, एकेक शॉट निदान चाळीस सेकंद राहू द्या. व्हिडिओ लूपवर, म्हणजे संपला की पुन्हा पहिल्यापासून, चालवताना सांधा दिसत असेल तर तयार व्हिडिओ मधोमध कापा, उत्तरार्ध आधी ठेवा, आणि मूळचा शेवट व मूळची सुरुवात आता जिथे भेटतात तिथे दोन सेकंदांचा डिझॉल्व्ह (एक दृश्य दुसऱ्यात विरघळणं) द्या. आवाजालाही तेवढाच क्रॉसफेड, म्हणजे एक आवाज विरताना दुसरा चढत जाणं.

समोरच्या खिडकीतली माणसं ओळखू येत असतील तर त्यांना विचारा. नाही म्हणाले तर तो भाग काढून टाका.