फणसाचा ओंडका टेम्पोत चढवला तेव्हा

वादळात परसातला फणस पडला. बुंध्याचा 7 फुटी, दीड फूट जाडीचा ओंडका, म्हणजे ओलं लाकूड तीनेकशे किलो सहज. सहा जणांनी उचलायला घेतला आणि हातातून निसटून माझ्या पायाशेजारीच आदळला. शेजारचे आबा पडवीतून ओरडले, "उचलतंस कित्याक? लोळव!"

मग टेम्पोच्या बाजूचा फळका पाडला, हौद्याच्या कडेला 8 फुटी दोन वासे तिरके टेकवले. दोन दोरांची टोकं त्याच कडेच्या हुकांना बांधली, दोर ओंडक्याखालून घेऊन वरून टेम्पोच्या पलीकडे टाकले. पलीकडून एकेका दोराला एकेक माणूस. यात ओंडका स्वतःच कप्पीचं काम करतो, ओढ निम्मी लागते. त्यात वाशांचा उतार. हिशेबाने दोघांत मिळून पन्नासेक किलोच, घासण धरून थोडी जास्त.

अर्ध्यावर ओंडका वाकडा झाला. जाड टोक एका फेरीत जास्त पुढे सरकतं, हे ध्यानातच आलं नव्हतं. मागे दगड लावले, जाडाकडचा दोर रोखला, बारीक टोक पहारीने रेटलं. खाली कुणाला उभं राहू दिलं नाही. शेवटची फेरी झाली आणि धप्पकन हौद्यात. टेम्पोवाला मात्र अजून स्प्रिंगच्या पाट्याकडेच बघत होता.